सँटोरिनीला कधी जावं? आधी वाऱ्याला विचारा

सँटोरिनीच्या हवामानाचा तक्ता पाहिला तर ऑगस्टसारखा महिना नाही, असंच वाटेल. दिवसाचं सरासरी कमाल तापमान 28-29 अंश, पाऊस जवळपास शून्य, आकाशात ढगाचा ठिपका नाही. अकोला-चंद्रपूरचा उन्हाळा काढलेल्या माणसाला तर हे थंड हवेच्या ठिकाणाचे आकडे वाटावेत. पण बेटावर बोटी चालवणारे, खाणावळी चालवणारे आणि द्राक्षमळे राखणारे लोक हा तक्ता बघत बसत नाहीत. त्यांचा दिवस ठरतो वाऱ्यावर. ‘आज किती बोफोर?’ हा तिथला रोजचा सवाल. चार असेल तर सगळं सुरळीत. सहा असेल तर किनाऱ्यावरच्या छत्र्या मिटवायच्या. आठ असेल तर बंदरात चौकशी करायची.

बोफोर म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायची ब्युफोर्ट मोजपट्टी. सहा म्हणजे ताशी साधारण 39 ते 49 किलोमीटर, आठ म्हणजे 62 ते 74. खुल्या समुद्रात हा आठवा आकडा आला, की बंदर अधिकारी बोटींना मनाई करू लागतात. जलद बोटी तर त्याच्या आधीच अडकतात. हे सगळं भर उन्हाळ्यात, ऐन सुट्टीच्या दिवसांत घडतं. त्या वाऱ्याचं नाव मेल्टेमी.

मेल्टेमीचं वैशिष्ट्य असं की तो येताना काहीच सांगत नाही. आपल्याकडे वळवाआधी आभाळ भरून येतं, धूळ उठते, गारवा येतो, मग वारा सुटतो. इथे लख्ख उन्हात, निळ्याशार आकाशाखाली सोसाट्याचा वारा सुरू होतो. सकाळी दहा-अकराच्या सुमारास झुळूक म्हणून आलेला वारा दुपारी तीन-चारला भणाणू लागतो आणि बहुतेक वेळा संध्याकाळी निवळतो. कधी मात्र तो रात्रीही थांबत नाही आणि चार-पाच दिवस, आठवडाभरसुद्धा मुक्काम ठोकतो. ग्रीक खाणावळींत टेबलावरचा कागद चारही बाजूंनी चिमट्यांनी किंवा इलॅस्टिकने घट्ट बांधलेला दिसतो, ती सजावट नव्हे. चिमटा सुटला तर तो कागद, त्यावरच्या पावासकट, शेजारच्या टेबलावर जातो.

मे ते ऑक्टोबर हा त्याचा काळ, पण खरा भर मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट. या दिवसांत बाल्कन प्रदेशावर हवेचा दाब जास्त असतो आणि पूर्वेला अनातोलियाच्या तापलेल्या पठारावर कमी. या दोघांच्या मधल्या खिंडीतून, म्हणजे एजियन समुद्रावरून, हवा दक्षिणेकडे धावते. उत्तर एजियनमध्ये ती ईशान्येकडून येते, सँटोरिनी ज्यात मोडतं त्या सायक्लेडीज बेटांवर थेट उत्तरेकडून, आणि ऱ्होड्सपाशी पोचेतो वायव्येकडून. वाटेत एव्हिया आणि आंद्रोस या दोन बेटांमधली चिंचोळी सामुद्रधुनी लागते, कावो दोरो. तिथे वारा कोंडतो आणि आणखी चेव धरतो. ग्रीक खलाशी त्या पट्ट्याचं नाव फारसं प्रेमाने घेत नाहीत.

इथवरचं गणित युरोपचं झालं. पुढचा धागा थेट आपल्या अंगणात येतो.

अनातोलियावरचा तो कमी दाब एकटा नाही. इराण, पाकिस्तान ओलांडून उत्तर भारतापर्यंत पसरलेल्या उन्हाळी कमी दाबाच्या प्रचंड पट्ट्याचं ते पश्चिमेचं टोक आहे. हाच पट्टा मोसमी वाऱ्यांना अरबी समुद्रावरून ओढून आणतो. कोकण भिजतं, घाटमाथा न्हाऊन निघतो. मार्क रॉडवेल आणि ब्रायन हॉस्किन्स या दोन हवामानशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये यापुढची कडी जोडून दाखवली. पावसाचे ढग तयार होताना वाफेचं पाणी होतं आणि वाफेत दडलेली उष्णता वातावरणात मोकळी होते. भारतीय उपखंडावर जून ते सप्टेंबर ही उष्णता इतकी मोकळी होते, की वातावरणात उठलेल्या लाटेचा परिणाम हजारो किलोमीटर पश्चिमेला पोचतो. तिथे पश्चिमी वाऱ्यांशी गाठ पडून पूर्व भूमध्यसागर आणि पूर्व सहारा यांवर हवा वरून खाली उतरू लागते. उतरणारी हवा दबते, तापते, कोरडी होते आणि ढगाला डोकं वर काढू देत नाही. मोसमी पाऊस आपल्याकडे जोर धरतो, त्याच सुमारास एजियनवरचं हे उतरणंही जोर धरतं. महाबळेश्वरात धुक्यात हात दिसेनासा होणं आणि सँटोरिनीवर महिनाभर ढग न दिसणं, या दोन्हींमागचं एक मोठं कारण एकच आहे.

मग एक शंका येते. हवा उतरून तापत असेल तर बेटांवर 40 अंश का नसतात? त्याचं उत्तर पुन्हा मेल्टेमी. वरून येणारी ऊब आणि उत्तरेकडून वाहत येणारा गारवा एकमेकांना तोलून धरतात. म्हणून अथेन्स 35-38 अंशांवर तापत असतं, जुलै 2023 सारख्या उष्णतेच्या लाटेत ॲक्रोपोलिस भरदुपारी पर्यटकांसाठी बंद ठेवावं लागतं, आणि त्याच वेळी सायक्लेडीजवर सावलीत बसलेला माणूस सुखात असतो. वारा पडला की मात्र ही बेटंही भट्टीसारखी तापतात. जून 2024 मध्ये ग्रीसमध्ये वेळेआधीच आलेल्या लाटेत वेगवेगळ्या बेटांवर पायी फिरायला निघालेले काही पर्यटक दगावले. झाड नसलेल्या डोंगरवाटा, दुपारची वेळ आणि ‘अंगाला तर गार वाटतंय’ हा भ्रम, ही घातक मोट असते. वारा घाम चटकन सुकवतो. ऊन मात्र तेवढंच लागत असतं.

या वाऱ्याची दखल घेणारे आपण पहिले नव्हे. ॲरिस्टॉटलने हवामानावरच्या ग्रंथात वर्षाच्या वर्षाला येणाऱ्या या वाऱ्यांची चर्चा केली आहे. इसवी सनपूर्व चौथ्या शतकात डेमॉस्थेनिस अथेन्सच्या नागरिकांना बजावत होता, की मॅसिडोनियाचा फिलिप या वाऱ्यांचा मोसम किंवा हिवाळा पाहून चढाई करतो, कारण तेव्हा आपलं आरमार उत्तरेकडे जाऊच शकत नाही. थेलीसच्या नावावर तर एक मजेदार सिद्धांत आहे: नाईलला उन्हाळ्यात पूर येतो, कारण हे उत्तरेचे वारे तिचं पाणी समुद्रात जाऊ न देता मागे रेटतात. हिरोडोटसने तो खोडून काढला. वारे न वाहणाऱ्या वर्षीही पूर येतोच, हा त्याचा रोकडा मुद्दा. पूर खरं तर इथिओपियाच्या डोंगरांवरच्या उन्हाळी मोसमी पावसाचा. म्हणजे थेलीसचं कारण चुकलं, पण दोन्ही गोष्टी एकाच मोसमात येतात हे त्याने बरोबर हेरलं होतं.

अथेन्समध्ये रोमन बाजारपेठेच्या आवारात संगमरवरी अष्टकोनी ‘वाऱ्यांचा मनोरा’ आजही उभा आहे. आठ बाजूंवर आठ वारे कोरलेले आहेत. उत्तरेचा बोरियास जाड झगा गुंडाळून शंख फुंकतो आहे आणि दक्षिणेचा नोटोस पाण्याचा घडा पालथा करतो आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे हवामान-पत्रक आजही खरं आहे: एजियनला उत्तरेचा वारा कोरडा आणि दक्षिणेचा ओला. दक्षिणवाऱ्याचं दुसरं देणं म्हणजे सहाराची धूळ. ती बहुधा वसंतात येते. एप्रिल 2024 मध्ये तिने अथेन्सचं आकाश अक्षरशः नारिंगी करून टाकलं होतं. एप्रिलमध्ये जाणाऱ्याला एखादा दिवस असा मिळाला, तर छायाचित्रांचा बेत त्या दिवसापुरता रद्द समजावा.

सँटोरिनीवर वर्षाचा पाऊस साडेतीनशे मिलिमीटरांच्या आतबाहेर. 26 जुलै 2005 ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पडला होता. म्हणजे सँटोरिनीचा अडीच वर्षांहून जास्त पाऊस एका दिवसात. आणि हा तुटपुंजा पाऊसही बहुतेक ऑक्टोबर ते मार्च या काळात पडतो. जून, जुलै, ऑगस्ट कोरडे ठणठणीत. म्हणून जुन्या घरांच्या छपरांवरून पाणी खालच्या टाक्यांत उतरवायची सोय असे. आता मोठी भिस्त समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या यंत्रांवर आहे.

हे हवामान जवळून बघायचं तर द्राक्षमळ्यात जावं. नाशिक-सांगलीकडचे मांडवावर चढवलेले वेल पाहिलेल्या माणसाला सँटोरिनीचा मळा आधी ओळखूच येत नाही. राखाडी, भुसभुशीत, ज्वालामुखीच्या राखेची जमीन, आणि तिच्यावर अंतरा-अंतराने ठेवलेल्या हिरव्या टोपल्या. वेलाची फांदी दरवर्षी गोल वळवत, आधीच्या फांदीत गुंफत ही टोपली विणतात. ‘कुलूरा’ म्हणतात तिला. घड टोपलीच्या आत धरतात. बाहेरून मेल्टेमी राख उधळत जातो आणि आत द्राक्ष शाबूत राहतं, उन्हाचा तडाखाही कमी बसतो. पाणी सहसा देत नाहीत. रात्री समुद्रावरून येणारा दमटपणा ती सच्छिद्र राख शोषून घेते, तेवढ्यावर वेल जगतो. एकोणिसाव्या शतकात फायलॉक्सेरा नावाच्या किडीने युरोपातले मळे उद्ध्वस्त केले, पण चिकणमाती नसलेल्या या जमिनीत तिला थारा मिळाला नाही. म्हणून इथली काही मुळं शतकं ओलांडलेली आहेत. असिर्तिको या पांढऱ्या द्राक्षाची तोडणी ऑगस्टमध्येच उरकते, युरोपात फार लवकर. गेल्या काही वर्षांत मात्र हिवाळी पाऊस रुसल्यामुळे उत्पन्न घटत चाललंय.

ऑगस्टमध्ये जायचं ठाम कारण माझ्या मते हे एकच: तोडणी बघायची असेल तर. बाकी सगळं त्या महिन्याच्या विरोधात जातं. 15 ऑगस्ट हा ग्रीक लोकांचा मरियमचा मोठा सण, अर्धं अथेन्स त्या आठवड्यात बेटांवर उतरतं आणि बोटींची तिकिटं मिळेनाशी होतात. सँटोरिनीची कायमची वस्ती पंधरा हजारांच्या आसपास. तिथे वर्षाला तीस लाखांवर पर्यटक येतात आणि त्यातले बरेच उन्हाळ्याच्या अडीच-तीन महिन्यांत. 2025 पासून क्रूझ जहाजांतून दिवसाला आठ हजारांपेक्षा जास्त प्रवासी उतरू द्यायचे नाहीत असं ठरलं, आणि उन्हाळ्यात अशा प्रत्येक प्रवाशामागे 20 युरो शुल्क लागू झालं. आठ हजार ही ‘कमी केलेली’ संख्या आहे, हे लक्षात घेतलं की इया गावातल्या सूर्यास्ताच्या गर्दीची कल्पना येईल. त्या सूर्यास्ताविषयी एक सांगायला हवं. जूनअखेरीस सूर्य तिथे साडेआठनंतर, बराच वायव्येला मावळतो आणि डिसेंबरात पाचच्या सुमारास नैर्ऋत्येला. दोन्ही जागांत क्षितिजावर सुमारे साठ अंशांचं अंतर पडतं. त्यामुळे उन्हाळ्यात घेतलेला फोटो पाहून हिवाळ्यात तीच जागा धरून बसण्यात अर्थ नाही.

जुलै-ऑगस्टच टाळता येत नसेल तर निदान मुक्काम वाऱ्याकडे बघून निवडावा. सँटोरिनीची पश्चिम बाजू म्हणजे ज्वालामुखीच्या विवराचा उभा कडा. फिरा आणि इया ही गावं त्याच्या माथ्यावर उघड्यावर बसलेली आहेत. किनारे पूर्वेला आणि दक्षिणेला. त्यातही पेरिसा-पेरिवोलोसच्या काळ्या वाळूला उत्तरेकडून डोंगराची आड मिळते, त्यामुळे मेल्टेमीच्या दिवशीही तिथलं पाणी बऱ्यापैकी शांत असतं. सायक्लेडीजमध्ये कुठेही हाच नियम चालतो: वारा उत्तरेचा, तर पोहायला दक्षिणेला. नॅक्सोसच्या मिक्री व्हिग्लाला तर शिडाच्या फळीवरून लाटा कापणारे लोक मुद्दाम याच वाऱ्यासाठी येतात. त्यांची सुट्टी वारा पडला की वाया जाते.

माझा स्वतःचा कौल मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतच्या महिन्याला आहे आणि दुसरा क्रमांक सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच्या काळाला. दोन्हींत हवा जवळपास सारखी, समुद्र मात्र वेगळा. पाणी हळू तापतं आणि हळू निवतं. मेमध्ये ते 18-19 अंशांवर असतं, पाय बुडवताच शहारा येईल असं. ऑक्टोबरात तेच 21-22 असतं, कारण ऑगस्टची ऊब अजून पोटात असते. पोहायचं असेल तर शरद. चालायचं, बघायचं असेल तर वसंत. फिरा ते इया ही कड्याच्या काठाने जाणारी दहा किलोमीटरांची वाट मेच्या सकाळी सुखाची आहे. जुलैत तिथे सावलीचं एक झाड शोधून सापडणार नाही.

शिवाय मेच्या सुरुवातीपर्यंत बेटावर थोडंफार हिरवं शिल्लक असतं. आपल्या ऋतुचक्राच्या हे अगदी उलट: तिथे ऑक्टोबरच्या पावसाने माळ हिरवे होऊ लागतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात आणि जूनपर्यंत वाळून पिवळे पडतात. 3600 वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या स्फोटात राखेखाली गाडलेलं बेटावरचं आक्रोतिरी हे गाव 1967 पासून स्पिरिदोन मारिनातोस यांनी खणायला घेतलं. तिथल्या एका छोट्या खोलीच्या तीन भिंतींवर वसंत रंगवलेला सापडला. लाल-पिवळे, नागमोडी खडक, त्यांवर तीन-तीनच्या झुबक्यांत लाल लिली आणि मधून एकमेकींकडे झेपावणाऱ्या पाकोळ्या. माणूस एकही नाही. ते चित्र आता अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. उन्हाळ्यात गेलेल्या पर्यटकाला हे बेट असंही दिसू शकतं यावर विश्वास बसणार नाही.

हिवाळ्याचं थोडक्यात. डिसेंबर-जानेवारीत कमाल तापमान 14-15 अंशांच्या आसपास, वारा बोचरा, निम्म्याहून जास्त हॉटेलं बंद. मध्येच काही दिवस समुद्र आरशासारखा होतो. त्यांना ग्रीक लोक खंड्या पक्ष्याचे दिवस म्हणतात. वाऱ्यांचा राजा इओलस याची मुलगी ॲल्सिऑन खंड्या झाली आणि तिला अंडी उबवता यावीत म्हणून वारे आवरले गेले, अशी ती कथा. सुरेख दिवस, पण कधी येतील याचा भरवसा नाही. तिकिटं त्यांच्यावर काढू नयेत. भूकंपाला तर ऋतूच नसतो. 2025 च्या जानेवारी-फेब्रुवारीत सँटोरिनी आणि आमोर्गोसच्या मधल्या समुद्रतळाखाली हजारो धक्के बसले, अकरा हजारांवर लोकांनी बेट सोडलं, आणि वसंतात पर्यटक पुन्हा आले.

ज्यांना वाराच नको त्यांच्यासाठी ग्रीसची दुसरी बाजू आहे. पश्चिमेचा, आयोनियन समुद्रातला कोर्फू, केफालोनिया, झाकिन्थोस हा समूह मेल्टेमीच्या वाटेत येत नाही. तिथे दुपारी वायव्येचा सौम्य माइस्त्रो वाहतो. पण पाऊस? कोर्फूला वर्षाला हजार मिलिमीटरांहून जास्त. कारण आपल्याला नव्याने समजावायला नको: ग्रीसच्या मधोमध पिंडस पर्वताची रांग सह्याद्रीसारखी आडवी आली आहे. पश्चिमेकडून येणारे हिवाळी ढग तिच्या अलीकडे रिते होतात आणि सायक्लेडीजच्या वाट्याला आपल्या माण-खटावची गत येते. म्हणून कोर्फू गर्द हिरवं आणि सँटोरिनी उघडंबोडकं. मात्र सप्टेंबरच्या मध्यानंतर आयोनियन बेटांवर वादळी पाऊस सुरू होऊ शकतो. 17-18 सप्टेंबर 2020 ला आयानोस या भूमध्यसागरी वादळाने केफालोनिया आणि आसपासची बेटं झोडपून काढली होती. थोडक्यात, जुलै-ऑगस्टमध्ये पश्चिमेला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पूर्वेला, अशी वाटणी डोक्यात ठेवली तर सहसा फसायला होत नाही.

महाराष्ट्रातल्या शाळांच्या सुट्ट्या या बाबतीत आपल्या बाजूने आहेत. जूनच्या मध्यापर्यंत मुलं मोकळी, म्हणजे मेचा दुसरा पंधरवडा अलगद हाती येतो. हॉटेलांचे दरही तेव्हा जुलैच्या मानाने बरेच खाली असतात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मेसाठी तो डिसेंबर-जानेवारीतच मार्गी लावावा. दिवाळीचं मात्र पंचांग पाहून ठरवा. 2025 सारखी ती ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर सँटोरिनी अजून जागं असतं. 2026 ची लक्ष्मीपूजा 8 नोव्हेंबरला आहे. तोवर बेटावरची दारं लागलेली असतात, बोटी कमी झालेल्या असतात. तेव्हा क्रीट गाठावं. हानिया, हेराक्लिओन ही बारमाही नांदती शहरं आहेत, संग्रहालयं उघडी असतात आणि समुद्र कित्येकदा अजून पोहण्याजोगा असतो.

कुठल्याही महिन्यात गेलात तरी परतीचं विमान ज्या दिवशी अथेन्सहून सुटणार, त्याच दिवशी बेटावरून निघायचा बेत करू नये. साधी बोट सँटोरिनी ते अथेन्सचं बंदर पिरेयस सात-आठ तास घेते आणि मेल्टेमीत तीही रद्द होऊ शकते. बोटीचे पैसे परत मिळतात किंवा पुढच्या फेरीत जागा मिळते, पण विमान कंपनीला त्या वाऱ्याशी देणंघेणं नसतं. शेवटची एक रात्र अथेन्समध्ये काढावी. वाऱ्यांचा मनोराही त्या निमित्ताने बघून होतो.